छपराखालचं सुकाणू

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, पॅसिफिक महासागराचं पाणी जमिनीत खोलवर घुसलं आहे. बेटं, खाड्या आणि सामुद्रधुन्या यांच्या या गुंत्याला प्युजेट साउंड म्हणतात. ऑक्टोबर लागला की इथे पाऊस सुरू होतो आणि वसंतापर्यंत मुक्काम ठोकतो. कोकणासारखा तो कोसळत नाही, दिवसचे दिवस झिमझिमत राहतो. पाणी बारमाही थंड. अशा पाण्यात पडलेल्या माणसाचं काय होतं, याचा अभ्यास कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीस्ब्रेख्ट यांनी स्वतः बर्फाळ पाण्यात उतरून केला. कोणाच्याही लक्षात राहील असं सूत्र त्यांनी दिलं : १-१०-१. पहिलं १ मिनिट धाप आवरण्यात जातं, पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात आणि साधारण १ तासाने शुद्ध हरपते.

पण थंडी घात करते ती फक्त पाण्यात पडल्यावर नाही. उघड्या होडीत सुकाणू धरून दोन-तीन तास पाऊस आणि लाटांचे तुषार अंगावर घेतले की बोटं बधिर होतात, चष्म्यावर पाणी साचतं, नकाशा भिजतो आणि मुख्य म्हणजे डोकं मंद चालू लागतं. या पाण्यात जंगलतोडीचे सुटलेले ओंडके अर्धवट बुडून तरंगत असतात. गारठलेल्या माणसाला असा ओंडका दिसतो, पण दोन क्षण उशिरा. म्हणून या किनाऱ्यावर, आणि तिथून वर अलास्कापर्यंत, छोट्या होडीलाही सुकाणूवर छप्पर हवं असतं. समोर आणि बाजूंना काचा, मागे दार, आत उभं राहून किंवा उंच खुर्चीवर बसून होडी चालवता येईल एवढी खोली. होड्यांच्या नकाशांवर तिचं नाव पायलटहाऊस असतं. आपले मच्छीमार सरळ केबिन म्हणतात, आपणही तेच म्हणू.

मोठ्या ट्रॉलरवर केबिन बसवणं अवघड नाही, कारण खालचं जहाज तिच्या कित्येक पट जड असतं. १८ ते २४ फुटांच्या लाकडी होडीवर मात्र हीच खोली सगळं गणित बदलून टाकते. हौशी बांधणारे बहुतेक वेळा आधी होडी बांधतात आणि शेवटी, उरलेल्या प्लायमधून, जमेल तशी केबिन उभी करतात. माझं म्हणणं याच्या उलट आहे. असली होडी बांधायची तर पहिला आकडा केबिनच्या वजनाचा मांडावा आणि बाकीची होडी त्या आकड्याभोवती ठरवावी.

आकडा मांडूनच पाहू. समजा, २० फुटांची उघडी होडी इंजिन, इंधन आणि दोन माणसं धरून ९०० किलोंची आहे. तिच्यावर भिंती, काचा आणि छप्पर मिळून ९० किलोंची केबिन चढवली आणि हे वजन होडीच्या मूळ गुरुत्वमध्यापेक्षा सरासरी सव्वा मीटर वर बसलं. ९० गुणिले सव्वा, भागिले ९९० : गुरुत्वमध्य साधारण ११ सेंटिमीटर वर सरकला. हीच केबिन जाड प्लायची केली, चारी बाजूंना जाड काच लावली, छपरावर चालता यावं म्हणून तेही भक्कम केलं आणि वजन १५० किलोंवर गेलं, तर तोच गुरुत्वमध्य १८ सेंटिमीटर वर जातो. शांत पाण्यात यातलं काहीच जाणवणार नाही. रुंद तळाची होडी सुरुवातीला तिरकी व्हायला मागतच नाही आणि मालक खूश असतो. प्रश्न येतो तो लाटेने एक बाजू उचलली, त्याच क्षणी दोघंही मासा ओढायला दुसऱ्या बाजूला वाकले आणि होडी २५-३० अंशांत कलली, तेव्हा. तिला परत सरळ करणारा जोर वजन किती खाली आहे यावर ठरतो, आणि आपण ते आधीच वर नेऊन ठेवलेलं असतं.

इथे एक गोष्ट केबिनच्या बाजूने सांगायला हवी. दारं-खिडक्या घट्ट बंद असलेली केबिन पूर्ण कललेल्या होडीला तरंगतं ठेवते. समुद्री बचावनौका उलटल्यावर आपोआप सरळ होतात त्या मुख्यतः त्यांच्या जलबंद केबिनमुळे. पण छोट्या होडीचं मागचं दार चालवताना बहुधा उघडंच असतं, त्यामुळे या फायद्यावर विसंबून आकडेमोड करू नये.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. केबिनची एक बाजू ३ चौरस मीटर धरली, तर १० नॉटच्या वाऱ्यात तिच्यावर साधारण ५ किलोंचा रेटा येतो, २० नॉटला २० किलोंचा, ३० नॉटला ४५ किलोंचा. भर वेगात हे सावरता येतं. धक्क्याला लागताना वेग उतरलेला असतो, सुकाणूला पकड नसते आणि उथळ बुडाच्या होडीचं पाण्याखाली फारसं काहीच नसतं. केबिन पुढच्या भागात असेल तर वारा नेमका नाळेलाच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकालाच, धरून फिरवतो. ज्यांनी छोटी केबिनवाली होडी कधी चालवली नाही, त्यांना हे पहिल्याच वादळी संध्याकाळी कळतं. म्हणून चांगले आरेखक केबिन मध्याच्या जरा मागे ठेवतात. तिथे आणखी एक फायदा मिळतो. लाटांवर होडीचं पुढचं टोक सर्वांत जास्त उसळतं, मध्याच्या मागे बसलेल्या माणसाची कंबर वाचते.

उंचीवर तडजोड कुठे करायची, हा या होड्यांमधला सर्वांत चिवट प्रश्न आहे. आत ताठ उभं राहायचं तर सहा फुटांवर छप्पर हवं. फळीची जमीन पाण्याच्या पातळीच्या वर ठेवली तर आत आलेलं पाणी छिद्रांतून आपोआप बाहेर वाहून जातं. ही सोय लाख मोलाची आहे, पण मग सहा फूट त्या जमिनीपासून मोजावे लागतात आणि केबिन मनोऱ्यासारखी उंच होते. जमीन तळापर्यंत खाली नेली तर छप्पर एक-दीड फुटाने खाली येतं, होडी देखणी आणि स्थिर होते, मात्र आत शिरलेला प्रत्येक थेंब पंपाने उपसावा लागतो. उत्तर बहुतेक वेळा दोन्हींचं मिश्रण असतं : मागचा उघडा डेक उंच आणि आपोआप पाणी सोडणारा, केबिनची जमीन एक पायरी खाली, आणि दोन्हींच्या मध्ये पुरेसा उंच उंबरठा. हा उंबरठा पाय अडखळतो म्हणून कापून टाकण्याचा मोह पुढे अनेकांना होतो. तो कापू नये. मागून चढलेली लाट आत येण्यापासून तोच अडवतो.

आता खालच्या होडीकडे वळू. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली टॉर्कीला लांबलचक हौद बांधून त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. त्या कामातून पुढे आलेला ठोकताळा आजही चालतो : पाणी बाजूला सारत जाणाऱ्या होडीचा नॉटमधला कमाल वेग म्हणजे पाण्यातल्या लांबीच्या (फुटांत) वर्गमुळाच्या १.३४ पट. १८ फूट लांबीला हा वेग ५.७ नॉट भरतो. त्यापुढे जायचं तर होडीला आपल्याच लाटेवर चढून पाण्यावरून घसरत जावं लागतं, आणि तिथे वजन थेट खिशाला लागतं. वजन २० टक्क्यांनी वाढलं तर त्याच इंजिनावर वेग साधारण ९ टक्के घटतो. तळ सपाट ठेवला तर होडी चटकन वर चढते, पण लाटेवर आपटते. खोल इंग्रजी व्ही आकाराचा केला तर लाट कापते, पण वर चढायला मोठं इंजिन मागते. रे हंट या अमेरिकी आरेखकाचा खोल व्ही तळ १९६० च्या मायामी–नासाऊ शर्यतीत जिंकला आणि जगभर पसरला. ५०-६० अश्वशक्तीच्या हलक्या लाकडी होडीला मात्र त्याच्या जवळपास निम्मा उतार पुरतो.

हे सगळं एका माणसाला आपल्या गॅरेजमध्ये करता येऊ लागलं ते प्लाय आणि इपॉक्सी यांच्या जोडीमुळे. पारंपरिक पद्धतीत आधी कणा, मग फासळ्या, मग वाफेवर वाकवलेल्या फळ्या, मग फळ्यांमधल्या फटींत कापूस ठासणं, असा क्रम असतो. त्याला वर्षानुवर्षांचा हात लागतो. १९६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये केन लिटलडाइक या शिक्षकाने प्लायचे कापलेले तुकडे कडेला कड लावून तांब्याच्या तारेने शिवले, सांध्यावर आतून-बाहेरून काचतंतूची पट्टी राळेने चिकटवली आणि फासळ्यांशिवाय कयाक उभे केले. हीच पद्धत १९६३ साली 'डेली मिरर' या वृत्तपत्राने पुरस्कृत केलेल्या मिरर डिंगी या शिडाच्या होडीत आली. तिची कल्पना दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकाम शिकवणारे बॅरी बकनेल यांची, आराखडा जॅक होल्ट यांचा. अशा ७०,००० हून अधिक होड्या बांधल्या गेल्या, त्यातल्या कित्येक दिवाणखान्यात आणि मोटारीच्या शेडमध्ये. होडी बांधणं हे पिढीजात कारागिराचंच काम, ही समजूत या लाल शिडांच्या होडीने मोडून काढली.

आपल्या भागाला शिवण नवी नाही. अरबी समुद्रात शेकडो वर्षं काथ्याने शिवलेली जहाजं चालत होती. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रातलं जहाज समोर ठेवून, खिळे न वापरता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून गोव्यात बांधलेलं 'आयएनएसव्ही कौंडिण्य' मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. फरक एवढाच की तिथे शिवण जन्मभर भार वाहते आणि लवचीक राहते. प्लायच्या होडीत तार फक्त राळ सुकेपर्यंत तुकडे धरून ठेवते, मग ती कापून काढतात.

राळेतला मोठा बदल अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या बे सिटीत झाला. मीड, जॅन आणि जोएल या गूजन बंधूंनी लाकडाचा प्रत्येक पृष्ठभाग इपॉक्सीने बंद करायचा आणि सांधेही इपॉक्सीनेच जोडायचे, हा मार्ग धरला. १९७० ची त्यांची 'अडाजिओ' ही तीन बुडांची शर्यतनौका अशीच बांधलेली होती. आधीच्या पॉलिएस्टर राळेला लाकडावर धड पकड नसे, काही वर्षांत पट्टी सुटून यायची. इपॉक्सीचा सांधा तुटण्याआधी शेजारचं लाकूड तुटतं.

शिवण आणि इपॉक्सी या दोन गोष्टी एकत्र करून केबिनवाल्या होड्यांकडे वळवणाऱ्यांत दोन नावं मला महत्त्वाची वाटतात. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया इथले सॅम डेव्हलिन १९७० च्या दशकापासून शिवून-चिकटवून होड्या बांधत आले आहेत. पाणपक्ष्याचं नाव दिलेली त्यांची 'सर्फ स्कोटर' ही २२ फुटी होडी म्हणजे छोट्या केबिनवाल्या होडीचा वस्तुपाठ आहे. त्यांचं बांधणीवरचं पुस्तक १९९६ साली आलं आणि अजून वापरात आहे. दुसरे रेन टॉलमन. अलास्कातल्या होमर या गावी, जिथे भरती-ओहोटीतला फरक २० फुटांच्या वर जातो, त्यांनी मच्छीमारांसाठी प्लायच्या उघड्या होड्या बांधल्या, आणि मग स्वतःची कृती पुस्तकरूपाने सर्वांना देऊन टाकली. टॉलमन यांच्या होडीत आडव्या फासळ्या जवळजवळ नाहीत. तळाला आतून लांबीच्या दिशेने पट्ट्या असतात, त्यामुळे वजन कमी राहतं. मूळ आराखडा उघड्या होडीचा, तरी बांधणाऱ्यांनी त्यावर नाना तऱ्हेच्या केबिन चढवल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की वजनाचा धडा आपोआप मिळतो. ज्यांनी पातळ प्लाय आणि बुटकं छप्पर घेतलं त्यांच्या होड्या अजूनही टॉलमनच्या वाटतात.

प्लायची एक अट आहे. कागदासारखा तो एका वेळी एकाच दिशेने वाकतो. त्याची नळी होते, शंकू होतो, पण चेंडू होत नाही. म्हणून प्लायच्या होडीचे सगळे पृष्ठभाग नळीचे किंवा शंकूचे तुकडे असावे लागतात, आणि तळ व बाजू जिथे भेटतात तिथे गोलाईऐवजी ठळक धार येते. तिला चाइन म्हणतात. आरेखकाने हा नियम पाळला असेल तर सपाट कापलेले तुकडे शिवताना स्वतःहून होडीचा आकार घेतात. जमिनीवर पडलेल्या पाच-सहा पाट्या एका दुपारी उठून उभ्या राहतात, हा या कामातला सर्वांत आनंदाचा दिवस.

त्याआधीचं काम चिकाटीचं आहे. प्लायचा ताव ८ फुटांचा, होडी २० फुटांची, म्हणजे ताव लांबीत जोडावे लागतात. दोन्ही तावांच्या कडा रंध्याने तिरक्या उतरवायच्या, जाडीच्या आठपट लांब. १२ मिलिमीटरच्या प्लायला ९६ मिलिमीटरचा उतार. तीन-चार ताव एकमेकांवर पायरीपायरीने सरकवून ठेवले तर सगळ्यांचे उतार एकाच वेळी रंधता येतात. उतार बरोबर आला की नाही, ते सांगायला वेगळं साधन लागत नाही. प्लायचे थर उतारावर फिक्या-गडद पट्ट्यांसारखे उघडे पडतात आणि त्यांच्यामधल्या डिंकाच्या रेषा दिसू लागतात. रेषा सरळ आणि पट्ट्या सारख्या रुंदीच्या असतील तर उतार सपाट आहे. कुठे रेष पोटासारखी फुगली तर त्या जागी खळगा किंवा उंचवटा आहे, रंधा उंच भागावरच फिरवायचा. धार लावलेला रंधा हवा. बोथट रंधा आडव्या धाग्यांच्या थरातून तुकडे उपटतो. उतारांवर आधी पातळ इपॉक्सी पाजायचं, लाकूड पितं तेवढं पिऊ द्यायचं, मग घट्ट केलेलं इपॉक्सी लावून, प्लास्टिकचा कागद मध्ये घालून, वजन ठेवून रात्रभर सोडायचं. पाजणं विसरलं तर लाकूड सांध्यातली राळ शोषून घेतं आणि सांधा वरून चांगला, आतून उपाशी राहतो.

शिवताना कडेपासून थोडं आत, वीतभर अंतराने बारीक भोकं पाडतात, तारेचे तुकडे ओवून पकडीने पीळ देतात. सगळे पीळ आधी सैल ठेवायचे. आडव्या भिंती जागेवर बसवायच्या, मग नाळेपासून मागच्या फळीपर्यंत ओळंबा आणि दोरी धरून होडी पिळवटलेली नाही ना, ते पाहायचं. कर्ण मोजायचे. मगच पीळ आवळायचे. इथली अर्ध्या इंचाची पिळवट राळ सुकल्यावर कायमची होते, आणि ती होडी हयातभर एका बाजूला ओढते. जोडणीच्या आतल्या कोपऱ्यात सिलिका आणि लाकडाची बारीक पूड मिसळून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं इपॉक्सी भरतात आणि गोल टोकाच्या पट्टीने त्याची सारखी गोलाई काढतात. ते अर्धवट ओलं असतानाच वरून काचतंतूची पट्टी बसवली तर दोन्ही एकजीव होतात आणि घासकाम वाचतं. घासकाम हे बांधणाऱ्यांना कंटाळवून काम अर्धवट टाकायला लावणारं पहिलं कारण आहे, तेव्हा ते जिथे वाचेल तिथे वाचवावं.

इपॉक्सीची शिस्त कडक आहे. राळ आणि हार्डनर यांचं प्रमाण उत्पादकाने सांगितलेलंच हवं. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला तर ते कधीच नीट कडक होत नाही. मिसळताच उष्णता निघू लागते. खोल भांड्यात ती कोंडते आणि भांडं धुरावतं, म्हणून मिश्रण पसरट थाळीत ओतावं. तापमान १० अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. हातमोजे न घालता काम करणाऱ्याला काही महिन्यांनी त्वचेची ॲलर्जी उद्भवू शकते, आणि एकदा ती जडली की पुन्हा या कामाला हात लावता येत नाही. सूर्यप्रकाशात इपॉक्सी खराब होतं, त्यामुळे वरून रंग हवाच.

आता केबिन. भिंती ६ मिलिमीटर, फार तर ९ मिलिमीटर प्लायच्या. त्यांची मजबुती जाडीतून येत नाही, आकारातून येते : किंचित वाक, कडांना आतून लाकडी पट्ट्या, कोपऱ्यांत इपॉक्सीची गोलाई. छपराला मध्ये उंची आणि दोन्हीकडे उतार हवा. पातळ प्लायचे दोन थर वाकवून एकमेकांना चिकटवले की तो वाक कायम राहतो, पाणी साचत नाही आणि छप्पर ताठ होतं. समोरची काच पुढे झुकवायची की मागे, हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. मागे झुकलेली काच वाऱ्याला वाट देते, वेगवान होडीला शोभते. पुढे झुकलेल्या काचेवर पावसाचे थेंब कमी टिकतात, वरची कड छज्ज्यासारखी काम करते आणि रात्री उपकरणांच्या दिव्यांचं प्रतिबिंब डोळ्यांत न येता वर छताकडे जातं. कामाच्या नौकांनी पुढे झुकलेली काच निवडली ती याच कारणाने. पावसाच्या मुलखात संथ होडी बांधणाऱ्याला मी तीच सुचवेन.

समोर जिथे वायपर फिरणार तिथे टफन्ड काच लावावी. पॉलिकार्बोनेट फुटत नाही आणि हलकं असतं, पण वायपरखालची मीठ-वाळू त्याला ओरखडून अंध करते. ते बाजूच्या खिडक्यांना ठीक. तिथेही एक खबरदारी घ्यावी लागते : १ मीटरचा पॉलिकार्बोनेटचा तुकडा ३० अंशांच्या फरकाने साधारण २ मिलिमीटर वाढतो, म्हणून स्क्रूची भोकं मोठी ठेवावीत, नाहीतर कडेला तडे जातात. होडीवर कुठेही स्क्रू बसवताना भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरावं आणि त्यात नवं छोटं भोक पाडावं, म्हणजे पाणी प्लायच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. प्लायच्या होड्या मरतात त्या लाटांनी फुटून क्वचित, अशा एखाद्या उघड्या भोकातून शिरलेल्या पावसाच्या पाण्याने कुजून नेहमी. खारं पाणी बुरशीला तितकंसं मानवत नाही, गोडं पाणी मानवतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला आणि हवा खेळती नसली की कूज सुरू होते. छपराखाली कोंडलेला दमट कोपरा तिला सर्वांत आवडतो, म्हणून प्रत्येक बंद कप्प्याला वारा जाण्याची वाट द्यावी.

मागे आउटबोर्ड इंजिन. ५० अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक इंजिन १०० किलोंच्या वर जातं. त्यात १०० लिटर पेट्रोलची टाकी, म्हणजे आणखी सुमारे ७४ किलो, तीही मागेच ठेवली तर होडी बूड टेकून चालते आणि नाळ आकाशाकडे बघते. टाकी केबिनच्या जमिनीखाली, मध्याजवळ, बाहेर वारा सोडणाऱ्या स्वतंत्र आणि जलबंद कप्प्यात असली तर ती रिकामी होत जाताना तोलही बदलत नाही.

केबिनसोबत येणारा एक धोका दिसत नाही आणि त्याला वासही नाही. पुढे जाणाऱ्या चौकोनी केबिनच्या मागे हवेचा कमी दाबाचा खिसा तयार होतो. मागचं दार उघडं आणि बाकी खिडक्या बंद असतील तर इंजिनाचा धूर त्या खिशातून आत ओढला जातो, आणि त्यासोबत कार्बन मोनॉक्साइड. माणसाला फक्त डोकं जड झाल्यासारखं वाटतं, थंडीने असेल असं तो समजतो. समोरची एखादी खिडकी किंवा छपरातलं झाकण थोडं उघडं ठेवलं की हवा पुढून मागे वाहते. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं छोटं यंत्र केबिनमध्ये लावलंच पाहिजे. आणि छपरातलं ते झाकण माणूस बाहेर निघेल एवढं मोठं असावं, कारण होडी उलटली तर मागच्या एकुलत्या एका दारातून बाहेर पडता येईलच असं नाही.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात कोणी हे मनावर घेतलं, तर काही गोष्टी वेगळ्या आहेत. इथे गारठ्याऐवजी ऊन आणि पाऊस चुकवायला छप्पर लागतं, म्हणून खिडक्या उघडणाऱ्या हव्यात. आपल्याकडे आयएस ७१० हा मरीन प्लायचा मानक शिक्का आहे, पण तो प्लाय बहुधा गर्जन लाकडाचा, जड. परदेशी होड्यांच्या नकाशांत गृहीत धरलेला ओकूमे हा गॅबनकडचा हलका प्लाय असतो. १२ मिलिमीटरच्या एका तावात सात-आठ किलोंचा फरक पडतो, पंधरा तावांत १०० किलोंच्या वर. जड प्लाय तळाला वापरला तर तो निदान खाली बसतो, केबिनला मात्र हलकाच शोधावा. पावसाळ्यात कोकणातल्या दमट हवेत सुकणाऱ्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात मारला तर रंगासकट सुटून येतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात आपले मच्छीमार होड्या ओढून डागडुजी करतात हे खरं, पण इपॉक्सीच्या कामाला दिवाळीनंतरचे कोरडे महिने बरे. इंजिनाच्या होडीला नोंदणी लागते. नदी-धरणात चालवायची असेल तर अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो, तेव्हा प्लाय आणण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे चौकशी करावी.

आणि प्लाय आणण्याच्याही आधी, ज्या आरेखकाच्या होड्या पाण्यात चालताना लोकांनी पाहिल्या आहेत त्याचा नकाशांचा संच विकत घ्यावा. त्यातले तुकडे एकास दहा प्रमाणात जाड कार्डावर कापून, चिकटपट्टीने शिवून, केबिनसकट छोटी होडी करून पाहावी. जो तुकडा कार्डात वाकत नाही तो प्लायमध्येही वाकणार नाही. मग प्रत्येक तुकड्याचं क्षेत्रफळ मोजून खऱ्या प्लायचं वजन काढावं, केबिनचा आकडा वेगळा मांडावा, आणि तो आरेखकाने दिलेल्या आकड्यापेक्षा जास्त भरला तर छप्पर तिथेच, कागदावर, खाली आणावं.